ण चुकला

मुलुंड पूर्वेच्या देवदत्त केतकरांना तुम्ही ‘पानी’ म्हणालात, तर ते पाणी द्यायचे नाहीत. आधी ‘ण’ म्हणायला लावायचे. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, निवृत्त झाले, तरी खोड काही गेली नाही. मग त्यांनी शुद्धलेखनावर ब्लॉग काढला. त्याचं नाव ‘वेलांटी’. अख्खी सोसायटी त्यांच्याशी जपून बोलायची. म्हातारा कधी कुठे पकडेल, नेम नाही!

ब्लॉग उभा करून दिला खालच्या मजल्यावरच्या निलेशने. वेबसाइटी बनवणं हाच त्याचा धंदा. त्याने तेव्हाच बजावलं होतं, की काका, प्लगइन म्हणजे ब्लॉगला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, घरात ठेवलेला गडीच जणू. तो कुणाला आत घेतो आणि कुणाला हाकलतो, ते बघूनच ठेवावा. वाचकांना थेट निरोप पाठवता येईल असा फॉर्म घ्या, प्रतिक्रिया आली की मोबाइलवर कळवणारं एक घ्या, असं तो सुचवत होता. देवदत्तांनी दोन्ही उडवून लावली. नसती कटकट, म्हणाले. त्यांना आवडलं ते तिसरंच. त्यात नको ते शब्द लिहून ठेवायचे. तसला शब्द असलेली प्रतिक्रिया आपोआप कचऱ्यात. निलेशने ते कर्ज आणि जुगाराच्या जाहिराती अडवायला बसवलं होतं. देवदत्तांनी हौसेने आपली यादी घातली: आनि, पानी, कोनी, पन, म्हनून. ज्याला ‘ण’ लिहिता येत नाही, त्याचं मत मला कशाला हवं? असं ते उत्तराबाईंना ऐकवायचे, आणि त्या बिचाऱ्या हसून मान डोलवायच्या.

या उत्तराबाई त्यांच्या पत्नी. दोन वर्षांपासून त्यांना विसर पडत चालला होता. आधी चष्मा, मग गॅस, मग माणसं. एका सोमवारी देवदत्त आंघोळीला गेले, तेवढ्यात त्या दार उघडून निघून गेल्या. बस, संपलं. देवदत्तांनी पोलिसांत नोंद केली, हॉस्पिटलं पालथी घातली. मूलबाळ नाही, धावायला दुसरं कुणी नाही. मग ब्लॉगवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘दिसल्यास येथे प्रतिक्रिया लिहावी.’ फोन नंबर टाका, असं निलेश हजारदा सांगत होता. पण टवाळखोर छळतील म्हणून यांनी नाही टाकला. हट्टी माणूस, दुसरं काय!

दर तासाला ते ब्लॉग उघडून बघायचे. एक्केचाळीस प्रतिक्रिया आल्या. ‘लवकर सापडोत’, ‘ईश्वर आपणांस बळ देवो’. सगळ्या शुद्ध, आणि कामाची एकही नाही. देवदत्तांचं जेवण सुटलं. बायकोची साडी उशाशी घेऊन ते नुसते पडून राहायचे.

बाराव्या दिवशी सकाळी ते निलेशकडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा मऊ आवाजात म्हणाले, की ही सूचना जास्त लोकांपर्यंत जाईल असं एखादं प्लगइन बघ ना रे. निलेश लगेच वर आला. नवीन बसवण्याआधी जुन्यांतलं बिनकामाचं काढू, म्हणाला. दिवाळीत पानावर फुलं पाडणारं एक होतं, ते काढलं. मग तो नको ते शब्द अडवणाऱ्या त्या गाळणीपाशी आला. कचरा उघडला.

‘काका, इकडे या. बसून वाचा,’ तो म्हणाला.

शीतल नावाच्या कुणा मुलीने तीनदा लिहिलं होतं. पहिली प्रतिक्रिया चौथ्या दिवसाची. ‘सर, फोटोतल्या आजी आमच्याकडे माहुलला आहेत. बस स्टॉपवर बसलेल्या. नाव मधुवंती सांगतात म्हनून पोलिसांकडे पन पत्ता लागला नाही. सारख्या वेलांटी वेलांटी करत होत्या, ते शोधलं तर तुम्ही सापडलात. जेवल्या आनि झोपल्या. काळजी करू नका.’ खाली तिचा नंबर.

मधुवंती हे उत्तराबाईंचं माहेरचं नाव. लग्नात तांदळाच्या ताटात ‘उत्तरा’ लिहिलं ते देवदत्तांनीच. पोलिसांना त्यांनी तेवढंच नाव दिलं होतं. दुसरं आठवलंसुद्धा नव्हतं त्यांना.

दुसरी सातव्या दिवसाची. ‘सर, आजींना ताप आहे. पानी पोटात टिकत नाही. माझी आजी शांताबाई रात्रंदिवस उशाशी आहे. आम्ही हॉस्पिटलात नेतोय, तिथे घरचं कोनीतरी लागतं. प्लीज फोन करा.’

तिसरी दोन दिवसांपूर्वीची. ‘सर, आजी आज सकाळी गेल्या. घरचं कोनी आलं नाही म्हनून त्यांना हॉस्पिटलातच ठेवलंय. तुम्हाला त्या नको झाल्या असतील तर तसं सांगा. आम्ही करू त्यांचं सगळं.’

देवदत्तांनी तिन्ही पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. निलेशने नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडे शीतलने उचलला. देवदत्तांनी कसंबसं आपलं नाव सांगितलं.

ती रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, ‘सर, तुम्ही वाचलंच नाही का?’

खोटं बोलायला जागा होती. इंटरनेट बंद होतं म्हणता आलं असतं, आजारी होतो म्हणता आलं असतं. निलेशही तसंच काहीतरी सांगा म्हणून खुणावत होता.

‘वाचायच्या आधीच फेकलं मी,’ देवदत्त म्हणाले. ‘तुझा ण चुकला होता, बाळ.’

त्या मुलीला काय कळलं, किती कळलं, देव जाणे. मागे एक म्हातारी काहीतरी विचारत होती. शांताबाईच असावी. मग शीतलचा आवाज आला.

‘मग आता या, सर. आजी अजून हॉस्पिटलातच आहे. कोनीच नेलं नाही तिला.’