डाव्या अंगाचा चोरखिसा

मित्रांनो, वाकळीचा वरचा थर सगळ्यांना दिसतो आणि खालचा जमिनीला लागतो. मधला थर कोणी पाहत नाही. मी त्या मधल्या थरात आहे. वाकळीत येण्याआधी मी बंडी होते. हाताने चाचपलेत तर एका जागी कापड दुहेरी लागेल. तो माझा खिसा आहे.

माझा जन्म मांजरपाटाच्या ताग्यातून झाला. देवगाव फाट्यावरून आत गेल्यावर जे गाव लागते, तिथे बन्सीधर शिंप्याने मला शिवले. वीरभद्रप्पा हे त्या गावचे कापसाचे आणि भुसाराचे व्यापारी. ते धोतर नेसत, आत बंडी आणि वर सदरा घालत. त्यांच्या गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी होती. ती दोऱ्याने छातीवर, थोडी डावीकडे लोंबे. कोणी भेटले की ते उजवा हात छातीशी नेत, कापडाआडच्या डबीला बोटे लावत आणि म्हणत, "शरणार्थ." भाव ठरवण्याआधीही तेच आणि कोणाच्या दारी दुःखाला गेल्यावरही तेच. गावात सगळ्यांना हे ठाऊक होते.

त्यांच्या सोबतीला आश्रुबा असे. तो त्यांचा मापाडी होता. तराजू धरायचा, पोती मोजायचा आणि बाजाराच्या दिवशी त्यांच्याबरोबर चालत जायचा. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला, बुद्धवाड्यात राहायचा. वाटेत तो बोलायचा आणि वीरभद्रप्पा हसायचे. या दोघांची सोबत कशी गेली, तेवढेच मला सांगायचे आहे.

मी शिवली जाण्याच्या आदल्या वर्षी, अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात, विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्यावरून मराठवाड्यात वस्त्या जळाल्या होत्या. आमच्या गावात कोणाच्या घराला काडी लागली नाही. आश्रुबाच्या मेहुण्याचे घर दुसऱ्या गावात जळाले. आश्रुबा काही दिवस मापाला आला नाही. आला तेव्हा वीरभद्रप्पांनी काही विचारले नाही आणि त्यानेही काही सांगितले नाही. त्या दिवसांत वीरभद्रप्पांनी दुकानाची दारे लावून घेतली होती. दारे उघडली तरी आतली भीती गेली नाही. ती कोणाची, हे त्यांना सांगता आले नसते. बाजारातून पैसे आणावे लागतात, असे कारण देऊन त्यांनी हत्याराच्या परवान्यासाठी अर्ज केला. परवाना मिळाला तेव्हा त्यांनी बन्सीधरला बोलावले.

"आतून चोरखिसा पाहिजे," ते म्हणाले. "बाहेरून दिसू नाही."

"कोण्या अंगाला, आप्पा?"

"तूच सांग."

"उजव्या हाताचा माणूस म्हणल्यावर डाव्या अंगाला. हात सरळ आत जातो."

बन्सीधरचे म्हणणे शिवणाच्या दृष्टीने बरोबर होते. म्हणून कोणी पुढे विचार केला नाही. डबीच्या अगदी खाली, चार बोटांवर, दुहेरी कापडाचा खिसा बसला.

मला घालून वीरभद्रप्पा परभणीला गेले. बंदुकीच्या दुकानाचे मालक तात्याराव होते. त्यांनी टेबलावर हिरवे कापड अंथरून तीन हत्यारे मांडली. आश्रुबा दाराशी उभा राहिला.

"कमरेला चामड्याचं म्यान लावा," तात्याराव म्हणाले. "कापडात घाम लागतो, लोखंड गंजतं."

"चामडं अंगावर चालत नाही आमच्यात. गळ्यात लिंग आहे. आणि धोतरावर पट्टा कुठं बांधू?"

"मग खिशाला मानवेल तेच घ्या."

असे माझ्या खिशाने हत्यार निवडले, मित्रांनो. पहिले एक लांब नळीचे, फौजी रिव्हॉल्व्हर होते. ते आत घालताच माझी डावी बाजू खाली ओढली गेली आणि मागची कड मानेत रुतली. सदरा एका बाजूने लोंबू लागला. दुसरे एक चपटे पिस्तूल होते. ते खिशात आहे की नाही हे कळत नव्हते, इतके ते अंगाला लागून बसले. पण त्याची काडतुसे मुठीच्या आत राहत, आणि वरचा भाग मागे ओढायला दोन्ही हात लागत. वीरभद्रप्पांनी दोनदा ओढून पाहिला. दोन्ही वेळा त्यांचे बोट निसटले.

"भरलेलं आहे का रिकामं, हे बाहेरून कळत नाही ना याचं?" त्यांनी विचारले.

"नाही कळत."

तिसरे आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर होते. त्याचे गोल चक्र खिशात थोडे फुगायचे. पण ते उघडले की काडतुसाचे प्रत्येक घर डोळ्यांनी दिसे. भरलेले भरलेले आणि रिकामे रिकामे. वीरभद्रप्पांनी ते बराच वेळ उघडून धरले.

दारातून आश्रुबा म्हणाला, "आप्पा, मोठं घ्या की. त्याच्या वजनानंच चोर पळंल."

तात्याराव हसले. वीरभद्रप्पाही हसले.

"पर हे कुणासाठी घ्यायलाव?" आश्रुबाने विचारले.

"वाटेत असावं म्हणून."

"वाटंत तर मी असतोच की."

वीरभद्रप्पांनी तिसरे रिव्हॉल्व्हर निवडले. निवड चांगली होती, असे तात्याराव म्हणाले. लपवायला सोपे आणि तपासायला सोपे. मीही तेव्हा तसेच मानले.

लपवलेली वस्तू गावात लपत नाही. माझी डावी बाजू किंचित खाली राही आणि वीरभद्रप्पा त्या खांद्याने थोडे वाकून चालू लागले. लवकरच सगळ्यांना कळले. त्यांचा हात मात्र पूर्वीसारखाच जात राहिला. कोणी भेटले की छातीशी. बोटे डबीला लागत. पण समोरच्या माणसाला डबी दिसत नव्हती. सदऱ्याच्या फटीतून आत गेलेला हात तेवढा दिसत होता.

लोक त्या हाताकडे पाहू लागले. भावावर घासाघीस करणारे शेतकरी पहिल्याच आकड्याला मान डोलवू लागले. वीरभद्रप्पा घरी येऊन पत्नीला, महादेवीला, म्हणाले, "माणसं अलीकडं लय समजूतदार झालीत."

महादेवी माझ्यावरचा तेलाचा डाग साबणाने घासत होत्या. तो डाग हत्याराच्या तेलाचा होता आणि कधीच निघाला नाही. "समजूतदार न्हाईत," त्या म्हणाल्या. "गप झालीत."

आश्रुबाही गप झाला. तो बाजाराला येत राहिला, पण वीरभद्रप्पांच्या बरोबरीने न चालता दोन पावले मागे, उजव्या अंगाने चालू लागला. तिथून त्याला हात दिसत असे. पाठीकडच्या बाजूने मला त्याच्या पायांचा आवाज येई. बोलणे नव्हते. एकदा वीरभद्रप्पांनी विचारले, "आश्रुबा, काही सांग की."

"काय सांगावं, आप्पा. कापूस पांढरा हाय."

अशी वर्षे गेली. त्या खिशातून हत्यार कधी कोणावर निघाले नाही. बाहेर येई ते पुसण्यापुरते. पुसून झाल्यावर वीरभद्रप्पा चक्र उघडून घरे पाहत आणि पुन्हा बंद करत. माझे कापड विरले, तेव्हा बन्सीधरने खिशाला आतून आणखी एक थर लावला. बाकीची मी झिजत होते आणि खिसा जाड होत होता.

मग चौऱ्याण्णवची संक्रांत आली. त्याच दिवशी विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. दुपारी आश्रुबा दुकानाच्या ओट्यावर चढला. त्याचे केस पांढरे झाले होते. त्याने धुतलेला सदरा घातला होता आणि हातात कागदात गुंडाळलेले पेढे होते. ओटा दगडी होता, छातीइतका उंच. गाड्यातून पोती थेट आत सरकावीत म्हणून तसा बांधलेला.

"आप्पा," तो म्हणाला, "नाव लागलं."

वीरभद्रप्पा गादीवरून उठले. मला त्यांच्या छातीचे ठोके लागत होते. त्यांना आनंद झाला होता, की इतक्या वर्षांनी हा माणूस आपणहून बोलला म्हणून गहिवर आला होता, हे मी सांगू शकत नाही. त्यांचा उजवा हात छातीशी गेला. सदऱ्याच्या फटीतून आत. बोटे डबीला लागली, माझ्या खिशाला त्यांचा स्पर्शही झाला नाही. तोंडातून शब्द निघायचा होता.

आश्रुबाने तो हात पाहिला आणि मागे पाऊल टाकले. मागे ओटा संपला होता.

पेढे ओट्यावरच राहिले. तो खाली दगडांवर कुशीवर पडला. वीरभद्रप्पा खाली उतरले आणि त्याच्याजवळ बसले. आश्रुबाचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"हात कशाला घातला, आप्पा?"

"लिंगाला लावला रे. शरणार्थ म्हणत होतो."

"मला कसं कळावं?" आश्रुबा म्हणाला.

त्याच्या खुब्याचे हाड मोडले होते. परभणीच्या डॉक्टरांनी खिळे घातले, पण तो पुन्हा चालला नाही. वीरभद्रप्पांनी रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा केले आणि परवाना परत केला. घरी येऊन त्यांनी मला अंगातून काढले. महादेवींनी माझ्या खिशाचे तोंड जाड दोऱ्याने शिवून टाकले. मग जुन्या लुगड्यांच्या थरांत मला घालून त्यांनी वाकळ शिवली आणि ती आश्रुबाच्या बायकोकडे, तानुबाईकडे नेली.

तानुबाईने वाकळीवरून तळवा फिरवला. तो एका जागी थांबला. "हितं काय हाय?"

"काही न्हाई. रिकामा खिसा हाय," महादेवी म्हणाल्या.

तानुबाईने वाकळ फिरवली, खिशाची बाजू पायाकडे केली आणि नवऱ्याखाली अंथरली.

वीरभद्रप्पा आश्रुबाला पाहायला येतात. दाराशी बसतात आणि दोन्ही हात गुडघ्यांवर उघडे ठेवतात. त्या संक्रांतीपासून मी त्यांना 'शरणार्थ' म्हणताना ऐकलेले नाही. डबी आत लोंबत असते आणि तिला बोटे लागत नाहीत.

मित्रांनो, अंगाशी काही लपवून ठेवायचे मनात आले, तर त्या जागी आधी काय होते ते एकदा पाहा. आपल्या छातीत काय आहे हे आपल्याला माहीत असते. समोरच्याला फक्त हात दिसतो. म्हणून कोणाच्या दारी जाल तेव्हा त्याला दिसेल असा हात घेऊन जा.

काल वीरभद्रप्पा असेच बसले होते. मग माझ्यावर पडलेला आश्रुबा भिंतीकडून त्यांच्याकडे वळला.

"न्या की हात छातीकडं, आप्पा," तो म्हणाला. "मी आता कुठं पडणार हाय?"

इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच गंमत करत होता. वीरभद्रप्पांचे हात गुडघ्यांवरच राहिले.