पांढऱ्या गटातली मुलगी

धोरण विश्लेषण कक्षात तिला सगळे धाकटी म्हणत. नोकरीला लागून चार वर्षं झाली होती, तिशीही जवळ आली होती, तरी ती धाकटीच. कारण तिच्यानंतर तिथे कोणी आलंच नव्हतं.

कक्ष म्हणजे आरोग्य खात्याच्या इमारतीतली एक लांबट खोली. तीन टेबलं, माणसं दोन. एका टेबलाशी कक्षाचे प्रमुख, म्हणजे सर, दुसऱ्याशी धाकटी. तिसरं टेबल रिकामं होतं आणि सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. वित्त खात्याने कळवलं होतं की या महिन्यात त्या जागेसाठी एकही अर्ज आला नाही, तर जागा रद्द. आणि दोन माणसांचा कक्ष ठेवण्यात अर्थ नाही, तेव्हा कक्षही बंद. सरांची निवृत्ती जवळ आलेली, त्यांचं काही बिघडणार नव्हतं. धाकटीची बदली मात्र साहित्य खरेदी विभागात होणार होती.

"टाचण्यांचंसुद्धा अर्थशास्त्र असतं," सर म्हणाले.

"मग तुम्ही या तिकडे," धाकटी म्हणाली.

महिनाअखेरीला विद्यापीठात नोकरी मेळावा होता. ती शेवटची संधी. मोठ्या सभागृहात ओळीने टेबलं मांडलेली. बँकेच्या टेबलावर फुकट छत्र्या होत्या. सल्लागार कंपनीने कॉफीचं यंत्रच आणलं होतं. त्या दोन टेबलांच्या मधे सर आणि धाकटी, एक निळा टेबलक्लॉथ आणि पत्रकांचे दोन गठ्ठे.

दोन गठ्ठे का, तर सरांना राहवलं नव्हतं. मुलं सरकारी नोकरीकडे कशाने वळतात, याबद्दल त्यांचं नि धाकटीचं महिनाभर वाजत होतं. सर म्हणत, स्थैर्याने. धाकटी म्हणे, कामाने. दुसरी माणसं वाद घालून गप्प बसली असती. हे दोघे अर्थतज्ज्ञ, त्यांनी प्रयोग आखला. पांढऱ्या पत्रकावर पगार, रजा आणि निवृत्तिवेतन. पिवळ्यावर फक्त काम. कोणाला कुठलं द्यायचं ते सर नाणं उडवून ठरवणार. आणि तुलना बिघडू नये म्हणून पत्रकाबाहेरचं एक अक्षरही बोलायचं नाही, असा नियम. तो नियम धाकटीनेच सुचवला होता, आणि सुचवताना तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

सकाळभर नियम तंतोतंत पाळला गेला.

"तुम्ही नक्की करता काय?" एक मुलगा विचारी.

"पत्रकात आहे," धाकटी म्हणे.

"यात तर नुसत्या रजा आहेत."

यावर धाकटी हसे आणि मुलगा कॉफीकडे जाई. दुपार झाली तरी अर्जाची फाईल कोरी होती. सर मात्र खुशीत होते. "दोन्ही गट कसे अगदी सारखे झालेत बघ!" ते म्हणाले.

"सारखेच रिकामे," धाकटी म्हणाली.

तेवढ्यात दोन मैत्रिणी आल्या. एक उंच, केस वर बांधलेली. दुसरी तिच्यामागे छत्री घेऊन. सरांनी नाणं दोनदा उडवलं. छत्रीवालीला पिवळं पत्रक मिळालं, उंच मुलीला पांढरं. उंच मुलीने आपलं वाचलं, मग मैत्रिणीच्या खांद्यावरून तिचंही वाचलं.

"मला ते पिवळं द्या."

"नाही देता येणार," सर नम्रपणे म्हणाले. "तुम्ही पांढऱ्या गटात आहात."

"मी? कधीपासून?"

"आत्तापासून."

"कोणी ठरवलं?"

सरांनी नाणं दाखवलं.

मुलीने नाण्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. "अहो, पण मी तर हिचं वाचलंसुद्धा. सकाळपासून बघतेय, सगळे जोडीजोडीनेच येतायत. तुमच्या पांढऱ्यातल्या प्रत्येकाने पिवळं वाचलंय. काय कळणार यातून?" आणि मैत्रिणीला म्हणाली, "चल गं. हे नोकरी देत नाहीयेत, परीक्षा घेतायत." दोघी बँकेच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

सर नाणं हातात धरून उभेच. "मुद्दा बरोबर आहे तिचा," ते हळूच म्हणाले. "जोडीला एकाच रंगाचं पत्रक द्यायला हवं होतं. पुढच्या वेळी—"

"सर, पुढची वेळ नाहीये," धाकटी म्हणाली. "आपल्याला निष्कर्ष नकोय. माणूस हवाय. एकच!"

"तू बोललीस तर तुलना बिघडेल."

"बिघडू दे."

ती टेबलाला वळसा घालून निघाली. मनातल्या मनात ती स्वतःला बोल लावत होती. घर वाहून चाललेलं आणि आपण पाण्याची खोली मोजत बसलोय. शिवाय बोलणं हा तिचा प्रांत नव्हता. कागदावर ती कोणाशीही भांडली असती.

"तुम्ही विचारलं नाहीत," ती रांगेपाशी येऊन एकदम म्हणाली, "पण मी सांगते, आम्ही काय करतो ते."

मुलीने भुवया उंचावल्या. "गटाबाहेर?"

"गटाबाहेर. आमच्या खात्याला काही दवाखाने बंद करायचे होते. दुपारी तिथे चिटपाखरू नसायचं. मी आठवडाभर त्यातल्या एका दवाखान्यात बाकावर बसले. आजारी माणसं होती हो, पण ती कामावर होती. मग आम्ही काही दवाखाने दुपारऐवजी संध्याकाळी उघडून पाहिले. बाजाराजवळचे गच्च भरले. कारखान्याजवळचे ओस पडले, कारण तिथे संध्याकाळी पाळी बदलते. मी दोन्ही गोष्टी लिहिल्या."

"मंत्र्यांना आवडलं?"

"अर्धं."

मुलगी हसली. रांग पुढे सरकली, ती सरकली नाही. "पण बाजाराजवळ जे आले, ते नवे लोक होते? की आधी दुसऱ्या दवाखान्यात जाणारेच इकडे आले?"

धाकटीला तिला मिठी मारावीशी वाटली. "बरेचसे तिकडचेच होते. हे लक्षात यायला मला वर्ष गेलं. तुम्हाला उभ्या उभ्या सुचलं. आमच्या खोलीत एक टेबल रिकामं आहे. तिथून मला हा प्रश्न कोणी विचारला असता, तर ते वर्ष वाचलं असतं."

छत्रीवाली म्हणाली, "ए, आपला नंबर आला."

"तू हो पुढे," उंच मुलगी म्हणाली. तिने फोन काढला. "थांबा हं, घरी विचारते. बाबांनी बँकच धरून ठेवलीय मनात."

बाबांचं शिलाई यंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. ते फोनवर आले ते खडखडाटासकट. मुलीने दोन वाक्यं बोलून फोन सरळ धाकटीच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा. माझं ते ऐकत नाहीत."

"बोला ताई," खडखडाटातून आवाज आला. "पगार बँकेपेक्षा जास्त?"

"कमी."

"बढती लवकर?"

"सावकाश."

"घ्या! मग पोरीने तिथे यायचं कशाला?"

धाकटीला पांढरं पत्रक आठवलं, पिवळंही आठवलं. दोन्हीत याचं उत्तर नव्हतं. "काका, आमच्याकडे चुका काढायच्या असतात," ती म्हणाली. "आधी आपल्या, मग साहेबांच्या, मग मंत्र्यांच्या."

यंत्र थांबलं.

"आणि त्याचा पगार देता?"

"दर महिन्याला."

"अहो, हे ती घरी फुकट करते! तिच्या आईचा हिशोब चुकीचा, माझी दुकानाची पाटी चुकीची, काल शेजाऱ्याला त्याच्या भिंतीचा उतार समजावत होती. तो बोलत नाही आता आमच्याशी." मग त्यांनी विचारलं, "मंत्र्यांना पण असंच तोंडावर सांगायचं असतं?"

"अदबीने सांगायचं असतं."

"ती अदब तुम्ही शिकवा. आम्ही बावीस वर्षांत हात टेकले."

"बाबा!" मुलीने फोन हिसकावला. "स्पीकरवर आहे, सगळी रांग ऐकतेय!" रांग खरंच ऐकत होती, आणि बँकेची बाईसुद्धा. मुलगी लाल झाली, हसली, आणि फोनमध्ये म्हणाली, "मग काय करू? भरू?"

"भर बाई," बाबा म्हणाले. "निदान दिवसभर तरी कोणी दुसरं ऐकून घेईल."

टेबलाशी येऊन तिने सरांच्या हातातलं पेन घेतलं, अर्ज पुढ्यात ओढला, आणि वरपासून खालपर्यंत नजर फिरवून म्हणाली, "इथे जन्मतारीख दोनदा विचारलीय."

"हो," सर म्हणाले, आणि त्यांनी तिच्यासाठी खुर्ची पुढे केली.