लुआंग्वाला पायी

सुनंदाने रानातला वाघ एकदाच पाहिला होता. तोही ताडोबात, माहेरच्या गोतावळ्यासोबत जीपमध्ये दाटीवाटीने बसून. वाघ दिसला, सगळे धन्य झाले, पण तिच्या मनात राहिली ती जंगलातली पायवाट. खाली उतरून त्या वाटेने थोडं चालावं असं तिला फार वाटलं होतं. उतरायला अर्थातच परवानगी नव्हती.

म्हणून विनिपेगच्या डेकेअरमधून ती रिटायर झाली आणि स्कारबरोहून लेकीने, अवंतिकाने, फोनवर विचारलं, "आई, टेल मी, तुला काय हवंय? एनीथिंग," तेव्हा तिने पटकन सांगून टाकलं, "मला जंगलात पायी फिरायचंय."

अवंतिकाने शोधून काढलं ते झांबियातलं लुआंग्वा नदीचं खोरं. तिथे वाटाड्या पुढे, सोबत बंदूकवाला रक्षक, आणि पाहुण्यांनी एका रांगेत मागून चालायचं. जुलैत नदी आटते आणि उरलेल्या पाण्यावर हत्ती, रानम्हशी, हरणं सगळी गोळा होतात. पुढच्या जुलैत, म्हणजे २०१८ साली तिघांनी जायचं ठरलं.

सुनंदापेक्षा तिचा नवराच जास्त हरखला. नंदकुमारने बसच्या कारखान्यात पत्रे ठोकण्यात उमर घालवली होती, आणि माणूस होता बोलघेवडा. जेवणाच्या टेबलावर त्याने नकाशा पसरला तो उचलूच देईना. मलेरियाच्या गोळ्या कधी सुरू करायच्या, बूट आत्ताच घेऊन पायाला सवय करायची की नाही, मातकट रंगाचे शर्ट विनिपेगमध्ये कुठे मिळतील, सगळ्यावर त्याचं प्रवचन चाले.

"पण बाबा, रांगेत असताना बोलायचं नाही हं. टोटल सायलेन्स," अवंतिका फोनवरून म्हणाली.

"जमेल की," नंदकुमार म्हणाला, आणि त्यावरही बराच वेळ बोलला.

सराव म्हणून ऑक्टोबरातल्या एका रविवारी दोघं गावातल्याच असिनिबॉइनच्या जंगलात गेली. पानं गळून गेली होती, थंडी चावत होती. वाटाड्या व्हायची हौस नंदकुमारला, म्हणून तो पुढे. गंमत म्हणजे तो खरोखरच गप्प होता. थोडं आत गेल्यावर सुनंदाला डावीकडच्या झाडीत हरणी दिसली. मागे तिचं पाडस.

"अहो, थांबा," ती हळूच म्हणाली.

तो चालतच राहिला.

"अहो, थांबा ना," ती जरा मोठ्याने म्हणाली.

पायाखाली काटक्या मोडत तो सरळ पुढे गेला. हरणी बिथरली आणि त्याच्या अगदी पुढ्यातून उडी मारून पलीकडे पळाली. दचकून तो मागच्या मागे खाली बसला.

"सांगायचं नाही का?" धापा टाकत तो म्हणाला.

"सांगितलं. दोनदा."

त्याने हसून मान डोलावली. ते मान डोलावणं पाहिलं आणि सुनंदा जागच्या जागी थबकली. डेकेअरमध्ये परदेशातून नुकतीच आलेली मुलं अशीच हसून मान डोलवायची. त्यांना काही कळलेलं नसे, पण तसं दाखवायचं नसे. तिच्या नवऱ्याचा तोच चेहरा होता.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "तू आणि अवंतिका जा. मी येत नाही."

सुनंदाने गाडी सुरूच केली नाही. त्याला तिचा चेहरा दिसेल अशी वळून बसली आणि विचारलं, "कधीपासून ऐकू येत नाही तुम्हाला?"

तो काचेबाहेर बघू लागला. मग म्हणाला, "डावा कान कारखान्यातच गेला. उजवा आता आता."

"आणि मी सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटले की हा माणूस माझं काही ऐकतच नाही."

"ते बरं वाटायचं गं. नवरे नाहीच ऐकत. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा ते परवडलं."

"आणि ती दिवसभराची बडबड?"

"मी बोलत असलो की दुसऱ्याचं ऐकावं लागत नाही."

सुनंदाला राग आला. त्याच्यावर, स्वतःवर, त्या पत्र्यांवर, कुणावर ते तिचं तिलाच कळेना. किती भांडणं तिने एकटीनेच केली होती आणि त्यातली निम्मी त्याच्यापर्यंत पोचलीही नव्हती. त्याचा हातमोजा काढून तिने त्याचा गार हात आपल्या हातात धरला. "मी तुमच्याशिवाय जाणार नाही," ती म्हणाली, मुद्दाम मोठ्याने आणि सावकाश.

कानाच्या डॉक्टरकडे तो कुरकुरतच गेला. डाव्या कानाची आशा नव्हती. उजव्याला मशीन बसलं. तरी झांबियातल्या कॅम्पवाल्यांना सांगायला तो तयार होईना. "नेणारच नाहीत ते," एवढंच म्हणे. सुनंदाने आग्रह केला नाही. सांगायचं तर त्यानेच सांगायला हवं, असं तिला वाटत होतं.

मार्चमध्ये अवंतिकाने तिथल्या वाटाड्याशी व्हिडिओ कॉल ठरवला. आयझॅक फिरी नावाचा शांत, हसऱ्या डोळ्यांचा माणूस पडद्यावर आला. मशीनच्या भरवशावर नंदकुमारने इंग्रजीत सुरुवात केली: विनिपेगचा बर्फ, बसचे पत्रे, नदीतल्या मगरी. सुनंदा शेजारी मांडीवर हात ठेवून बसून राहिली. बोलता बोलता तो अडखळला.

"आयझॅक, मला नीट ऐकू येत नाही," तो म्हणाला. "तुम्ही हळू आवाजात थांबा म्हणालात, तर मी थांबणार नाही. सगळ्यांना धोका होईल."

आयझॅकने कॅमेऱ्यासमोर पंजा उभा धरला. "हे म्हणजे थांबा." पंजा खाली दाबला. "हे म्हणजे बसा. चालताना मी तोंडाने काही सांगतच नाही, सर. तुम्ही माझ्या पाठीमागे पहिले चाला आणि माझ्या हातावर नजर ठेवा. मला काळजी असते ती चांगल्या कानांच्या लोकांची. ते गप्पा मारतात."

नंदकुमारने सुनंदाकडे पाहिलं. "काय म्हणाला तो? मला वाटतं मला कळलं, पण तू सांग."

तिने सांगितलं. तो डोळे पुसत हसला.

त्याच आठवड्यात विमानाची तिकिटं काढायला तो लॅपटॉप घेऊन बसला. सुनंदाला खिडकी हवी होती. डाव्या बाजूच्या चांगल्या जागा मोकळ्या असताना त्याने खूप मागची, उजवीकडची जोडी निवडली.

"इतकं मागे कशाला? वॉशरूमजवळ?" तिने विचारलं.

"या बाजूला खिडकीशी बसलीस की तू माझ्या उजव्या कानाशी येतेस," तो म्हणाला. "लांबचा प्रवास आहे. तू काहीतरी बोलशीलच ना."