फवाऱ्याचा वास

घाटंजीकडच्या त्या गावात नानाजींइतका सावध माणूस दुसरा नव्हता; निदान बोलण्यात तरी! फवारणीच्या औषधाने विषबाधा होऊन शेजारपाजारची माणसं दवाखान्यात भरती झाली, त्या साली देवळाच्या भोंग्यावरून ओरडून ओरडून त्यांनी घसा बसवून घेतला. "तोंडाले बांधा रे! फवारून आल्यावर आंगोय केल्याबिगर लेकरायले हात लावू नोका!"

म्हणून फवारणीबद्दल माणसाच्या मनात खरं काय दडलंय ते मोजायला यवतमाळच्या कॉलेजातली गौरी लॅपटॉप घेऊन आली, तेव्हा नानाजीच छाती काढून पहिले बसले.

"काका, विचार नाही करायचा," गौरी म्हणाली. "चित्र आवडलं तर डावं बटण, नाही तर उजवं. बोट किती पटकन जातं, तेच मोजायचंय."

मास्कचं चित्र आलं. बोट अडखळलं, मग कसंबसं डावीकडे गेलं. औषधाची बाटली आली, पाठीवरचा पंप आला, अन् बोट टपकन डाव्यावर! गौरीनं सांगितलं, तुमच्या मनाला औषध जवळचं वाटतं अन् मास्क परका.

"मशीन बिघडलं तुयं!" नानाजी तडकले आणि तरातरा कापसाच्या पऱ्हाटीत फवारायला निघून गेले. मास्क नेला खरा, पण तो नेहमीसारखा गळ्यातच लोंबत होता.

फवारा सुरू झाला. रोजचाच उग्र वास नाकात शिरला, पण आज नानाजींचा हात थांबला. अरे बाप्पा, हा तर बाबांचा वास! बाबा फवारून यायचे ते याच वासानं. आई ओरडत राहायची, पण बाबा आधी नानाला उचलायचे, आणि त्यांच्या घामेजल्या मानेत तोंड खुपसून नाना दिवसभराच्या गोष्टी सांगायचा. तेव्हा कापसाचा रुबाब होता, घरात हसणं होतं. त्या मानेइतकी बिनधोक जागा पुढे कुठेच मिळाली नाही. नानाजींना बाबांची अशी आठवण आली की डोळे वाहू लागले. त्यांनी मास्क नाकावर ओढला. वास गेला, आणि भर शेतात त्यांना फार एकटं वाटलं.

संध्याकाळी घरी आले, तशी पाच वर्षांची नात प्रेरणा "आबाजी!" करत धावली. त्यांचे हात उचललेही गेले. भोंग्यावर काहीही सांगोत, दारात तर रोज हेच चालायचं.

"थांब वं! शिवू नोको मले!"

पोट्टी दचकून रडायलाच लागली. नानाजींनी घसघसा साबण लावून आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि मग तिला मांडीवर घेतलं. तिनं त्यांच्या मानेत नाक खुपसलं, हुंगलं, आणि तोंड फिरवलं.

"तुमचा वासच नाही येत आबाजी. मले तोच आवडते."

नानाजींनी तिला घट्ट धरलं. "मलेबी लय आवडते माय," ते रडत म्हणाले. "पण आता साबणाचाच येईन. त्याचीच सवय कर."