दाजी बर्फ बघून आले

"बर्फ बघायला? माणसं पैसे देऊन, बोटीत बसून बर्फ बघायला जातात? दाजी, मी शाळा सोडली, अक्कल नाय सोडली."

भिकनने बर्फाच्या लादीवर टोच्या असा हाणला की चुरा समोरच्याच्या विजारीवर उडाला. भद्रकालीच्या मागच्या गल्लीतला हा बर्फाचा डेपो. भरदुपार, सरबतवाल्यांची गर्दी नुकतीच ओसरलेली. समोर उभा होता सहादू, भिकनच्या थोरल्या बहिणीचा, शकूचा नवरा. आठ महिन्यांनी सकाळी अचानक दारात उगवला आणि म्हणाला, शकूला येवल्याला न्यायला आलोय. भिकनची आई धोंडाबाई म्हणाली, त्याचा बाप वारल्यापासून घरात पुरुष म्हणून भिकनच, त्याला विचारा. म्हणून दाजी डेपोवर आले होते.

"गोऱ्या म्हाताऱ्यांची बोट असते ती," दाजी म्हणाले. आवाज एकदम शांत. तेच भिकनला डाचत होतं. इतकं शांत फक्त खोटं बोलणाराच बोलतो, हे तो डेपोच्या मालकाकडे बघून शिकला होता. "आम्ही खाली किचनात. भांडी, बटाटे. ते वर बसून बघतात."

"काय बघतात?"

"बर्फाचे डोंगर. पक्षी."

"कसले पक्षी?"

"उडत नाय ते. माणसासारखे उभे चालतात. वास लय मारतो त्यांचा."

"बरं. आणि रात्री काय बघतात?"

"तिथं उन्हाळ्यात रात्र होत नाय."

भुशाच्या ढिगावर लहानू हमाल पडला होता, तो खिंकाळला. "मग झोपायचे कधी, सहादूभाऊ? का गोऱ्या बाया झोपू देत नव्हत्या?"

भिकनने त्याच्याकडे असं पाहिलं की लहानूने पुन्हा डोळे मिटले. बहिणीच्या नवऱ्याला हसायचा हक्क भिकनचा एकट्याचा होता.

दाजींचं तोंड त्याने सकाळीच नीट बघून घेतलं होतं. करपलेलं, नाकावरची साल निघालेली, आणि डोळ्यांभोवती दोन फिकट गोल. आधी त्याला वाटलं, जेल. आणीबाणीत आत टाकलेले स्मगलर आता सुटून मोकळे फिरत होते, त्यांच्यातल्या कुणाचा तरी माल वाहिला असेल, धरला गेला असेल, दगड फोडले असतील. पण जेलमध्ये गॉगल कोण देतं? म्हणजे दुबई. नाहीतर मुंबईतच, चौपाटीवर, दुसरीला घेऊन. आणि शकू मात्र आठ महिने नळावर बायांचे टोमणे ऐकत हंडे भरत होती.

"तोंड कशानं सोललं?"

"बर्फावरच्या उन्हानं. ऊन वरून लागतं आणि खालूनबी लागतं."

"मी रोज उन्हात बर्फ ओढतो. माझं का नाय सोललं?"

भिकनने लादीचे लिंबाएवढे दोन तुकडे पाडले.

डेपोवर नवा हमाल आला की हा खेळ व्हायचा. बर्फ नुसत्या बोटांनी धरायचा, तळहात लावायचा नाही. आधी गार, मग चटका, मग कळ थेट कोपरापर्यंत. जो आधी टाकेल तो हरला. भिकन आजवर हरला नव्हता.

"मी टाकला तर शकूला घेऊन जा. तुम्ही टाकला तर कुठं होता ते खरं सांगायचं."

"राहू दे, भिकन."

"का? बर्फात राहून आलात ना?"

दाजींनी तुकडा घेतला. भिकननेही धरला. दाजी त्या बोटीचं सांगत राहिले, बर्फ फोडत जाताना वाळकं लाकूड मोडल्यासारखा कसा आवाज येतो ते. भिकनचं लक्ष नव्हतं. कळ कोपराच्या वर चढली. दाजींच्या कपाळाला आठीसुद्धा नव्हती, पाणी मनगटावरून ओघळत होतं. शेवटी भिकनच्या बोटांनी त्याला न विचारताच बर्फ टाकला.

"तेल लावलंय का काय बोटांना?" त्याने दाजींचा हात ओढून वास घेतला. तेल नव्हतं. बोटांची टोकं मेणासारखी, कडक. दाजी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत होते. "येवल्याची गाडी कधीची रे?" ते विचारत होते. भिकनने टोच्याचं टोक त्यांच्या मधल्या बोटाला हळूच टोचलं.

लाल थेंब वर आला. दाजी रस्त्याकडेच बघत होते.

लहानू उठून बसला.

"दाजी, रक्त येतंय."

कुठल्या हातातून, ते कळायला दाजींना मान खाली घालावी लागली.

"एक म्हातारी छोट्या बोटीतनं पाण्यात पडली," ते म्हणाले. "तिला फेकायच्या दोरीची गाठ हातमोज्यानं सुटेना, म्हणून काढले. म्हातारी निघाली. तिनं खाली चॉकलेट पाठवलं."

"आणि बोटं?"

"डॉक्टर म्हणाला, वाचली. म्हणजे कापावी लागली नाय."

"शकूला माहितंय?"

"सकाळी तिनं माझी बोटं धरली. मला बघून कळलं, धरलीत ते. म्हणाली, किती गार. मी म्हणालो, बोटीवरचा वारा हाय."

भिकनला राग यायला हवा होता, आलाही. पण तो टाकायला जागा सापडेना.

"हरलो मी," तो म्हणाला. "पण तुम्ही खेळलातच नाय. तिला खरं सांगा. मग ती येते म्हणाली तर न्या. मी आडवा येणार नाय."

"बोटीवर आता घेणार नायत मला. सुरी धरता येत नाय. हे ऐकून येईल ती?"

"मला काय विचारता? तिला विचारा."

दाजींनी बोट पायजम्याला पुसलं आणि वर सारलेली बाही खाली ओढली. मनगटाचं बटण लावू लागले. बोटांकडे टक लावून, जणू ती दुसऱ्याची होती आणि त्यांना काम शिकवायचं होतं. बटण दोनदा निसटलं. भिकनने हात पुढे केला, तसा दाजींनी आपला हात बाजूला घेतला. लहानू उगाच भुसा सारखा करायला लागला.

बटण लागलं. दाजी रस्त्यावर आले आणि डावीकडे वळले.

"स्टँड इकडं हाय, दाजी."

"माहितंय. आधी घरी जातो, तिला हात दाखवतो." ते थांबले नाहीत. "निघतो आता."