एक गाठ सुटली, एक राहिली

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. हल्ली पेटी म्हटले की मुलांना कपड्यांची पेटी आठवते, म्हणून आधीच सांगून टाकते. माझा जन्म मिरजेचा. अंग सागवानी, सूर, म्हणजे हवा लागताच वाजणाऱ्या आतल्या जिभा, पालिताण्याहून आणलेले पितळी. मी स्वभावाने जरा मानी आहे. पेटीने मानी असावेच, नाहीतर कोणीही सोम्यागोम्या येऊन बोटे आपटून जातो.

मला घेतले नगरच्या विश्वास साळवे सरांनी. सर शाळेत गणित शिकवत आणि रविवारी चर्चच्या उपासनेत मला वाजवत. त्यांच्या पत्नी सुरेखाबाई गात. बाईंची पट्टी काळी चार. त्या पट्टीवर सरांचे बोट पस्तीस वर्षे पडत राहिले आणि तिथे छोटासा खळगा झाला. त्यांना मूलबाळ नव्हते. घरात तिसरी मीच.

त्या घरची एक रीत होती. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात पेटी वाजवायची नाही. बाई मला सासूबाईंच्या मऊ लुगड्यात गुंडाळून वर दोन गाठी मारत. ईस्टरच्या पहाटे सर गाठी सोडत, काळी चार दाबत आणि म्हणत, "प्रभू उठला आहे!" बाई उत्तर देत, "खरोखर उठला आहे!" त्या एका क्षणासाठी मी चाळीस दिवस आनंदाने मुकी राहत असे. नगरची हवा कोरडी, त्यामुळे माझ्या सुरांना कधी काही झाले नाही.

सर निवृत्त झाले आणि चर्चच्या मंडळीने दोघांना दोन वर्षांच्या सेवेसाठी सिंगापूरला पाठवले. नातेवाईक हसले. "या वयात मिशनरी? गुडघे तरी ऐकतात का?" सर म्हणाले, "गुडघे नाही ऐकत, पण पेटी ऐकते." टॅम्पिनीस भागातल्या एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर आम्ही राहू लागलो. एमआरटीत, म्हणजे तिथल्या शहरी रेल्वेत, सर मला मांडीवर घेऊन बसत. घरापासून दूर आलेले मराठी कामगार रविवारी माझ्याभोवती जमत, आणि आपल्या भाषेतले गाणे ऐकून त्यांतले दोघेतिघे तरी डोळे पुसत. एवढे कौतुक मला नगरलाही मिळाले नव्हते.

पहिल्या ईस्टरला आम्ही समुद्रकिनारी गेलो. सात वाजत आले तरी सूर्याचा पत्ता नव्हता. "इथे सूर्यसुद्धा उशिरा उठतो," सर म्हणाले. गाठी सुटल्या, पण माझा आवाज घोगरा आला. चाळीस दिवसांच्या दमट हवेने पितळेवर हिरवट डाग धरले होते.

"पुढच्या वर्षी बांधून ठेवायला नको हिला," सर म्हणाले.

"रीत ती रीत," बाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. परक्या देशात घरचे एवढेच उरले होते, ते त्यांना सोडवत नव्हते.

दुसऱ्या वर्षी उपवासकाळातच सरांचे हृदय थकले. ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, बाईंनी मला इस्पितळात आणले. पहाटे हाताशी असावी म्हणून. खालच्या मजल्यावरच्या पुण्याच्या राधिकाने गाडीतून सोडले आणि तीही आत आली. मला सरांच्या खाटेलगत खुर्चीवर ठेवले. नर्स हसून म्हणाली, "अंकल, सॉफ्टली प्ले, कॅन. नाऊ ऑल्सो कॅन लाह." म्हणजे हळू वाजवले तर आत्ताही चालेल.

सरांचे डोळे चमकले. "सुरेखा, आत्ताच ऐकव. एकच सूर. काळी चार."

"अहो, आजचाच दिवस. उद्या पहाटे तुम्हीच गाठी सोडा."

"काकू, वाजवा ना," राधिका म्हणाली.

"एकोणचाळीस दिवस पाळलं गं. एका दिवसासाठी मोडू?"

"गणिताच्या मास्तरला दिवस मोजून दाखवतेस?" सर हसले आणि डोळे मिटून पडले.

संध्याकाळी बाई अंघोळीला आणि दोन घास खायला घरी गेल्या. बाहेर अजून उजेड होता. सरांचा हात हळूहळू खुर्चीवर आला. बोटे लुगड्यावरून फिरली. पहिली गाठ त्यांनी फार वेळ घेऊन सोडली. दुसरी घट्ट होती. तिच्यावर बोटे थांबली, ती थांबलीच.

मित्रांनो, भात्यात हवा भरल्याशिवाय मला आवाज नाही. मी आतल्या आत तडफडले, पण एक स्वर काढू शकले नाही.

ईस्टरच्या सकाळी आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, सगळे जमले. मध्ये सरांची शवपेटी होती. कोणीतरी चाचरत म्हणाले, "प्रभू उठला आहे." सगळे बाईंकडे पाहू लागले. मी त्यांच्या मांडीवर होते आणि त्यांचे लक्ष लुगड्याच्या सैल टोकाकडे गेले होते.

"राधिका, ही गाठ तू सोडलीस?"

"नाही, काकू."

बाईंना कळले. "अहो, मी सोडली असती हो! आत्ता सोडली असती!" असा हंबरडा त्यांनी फोडला की माझे सागवान थरथरले. मग कितीतरी वेळाने, माझ्यावर डोके टेकून, त्या पुटपुटल्या, "खरोखर उठला आहे."

उरलेली सेवा त्यांनी एकटीने पूर्ण केली. पुढच्या आठवड्यात त्यांचे विमान आहे. काल सामान बांधताना राधिकाने विचारले, "काकू, सोडू का ही दुसरी?"

"राहू दे. ती त्यांची आहे."

माझे सूर आता गंजले असतील. बाईंवर माझा राग नाही, त्यांनी मला जीवापाड जपले. पण मित्रांनो, वाद्य जपायचे तर ते वाजवत राहा. आणि तुमच्या घरातले कोणी आत्ता काही मागत असेल, तर त्याला उद्याची पहाट दाखवू नका. सरांनी फार काही मागितले नव्हते. काळी चार, एवढेच. ती माझ्यापाशी होती.