खडावा काढून उघडा, महाराज!

उजमाचं पत्र येऊन तीन आठवडे झाले होते. तेवढ्या दिवसांत रामहरी सरांनी उत्तराचे नऊ कागद लिहिले आणि नऊही फाडले. आयटीआयमध्ये तीस वर्षं फिटरची पोरं शिकवली, निवृत्तीनंतर घरभर पुस्तकं रचली. पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की सर चाचरत. बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे कधी बघत नसत. बघत ते पायांकडे.

पत्र साधंच होतं. ‘सर, मी शिवणवर्गातली उजमा. मशीन बिघडलं की तुम्ही यायचात. आता मुकुंदवाडी स्टेशनामागच्या नव्या इमारतीत कपडे शिवायच्या कारखान्यात देखरेखीला आहे. आमच्या दाराचं कुलूप दुपारी अडकतं. मालक म्हणतात, नव्यानं कामाला लागलेल्या साळूबाईच्या पायगुणानं. तिला काढायचं चाललंय. तुम्ही म्हणायचात, लोखंडाला राग-लोभ नसतो. मग कुलूप का अडकतं, तेवढं लिहून कळवा.’

दार न बघता कळवायचं कसं? आणि आपण चुकलो तर? सर पुन्हा कागद पुढं ओढत आणि पुन्हा पेन खाली ठेवत.

एका गुरुवारी दुपारचं दूध घालता घालता कडुबा म्हणाला, “सर, काल त्या शिवण कारखान्यात पोरगी घुसमटून बेसुद पडली म्हणं. शीला नाव. दीड तास दार उघडंना! आज महाराज यायलेत. त्या धनगरणीचा, साळूबाईचा, आज निकालच लागतोय बगा.”

सरांनी दहावा कागद टेबलावर तसाच ठेवला आणि हत्यारांची जुनी पिशवी काखेत मारली.

सत्त्याऐंशीचा दुष्काळ होता. गावं रिकामी होऊन शहराकडे निघाली होती आणि शहर त्यांच्यासाठी पत्र्याच्या खोल्या आणि सिमेंटच्या इमारती उभ्या करत सुटलं होतं. साळूबाईही फर्दापूरकडून अशीच आली होती, चाऱ्यापायी मेंढरं विकून. ती कामाला लागली चैत्रात, आणि कुलूपही अडकायला लागलं चैत्रात. एवढा पुरावा लोकांना पुरला.

सर पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. रस्ता माणसांनी भरला होता. पश्चिमेकडे तोंड केलेलं पोलादी पत्र्याचं भलंमोठं दार उन्हात तापलं होतं. आत तीस बायका कोंडलेल्या, कुलूप आजही अडकलेलं. टँकर आला की बाया मशीन सोडून हंडे घेऊन धावतात, म्हणून मालक नानासाहेब दुपारी बाहेरून कुलूप लावत. साळूबाईला मात्र बाहेर काढून रस्त्यापलीकडे बसवलं होतं, दाराकडे पाठ करून. तिची नजर दारावर पडायला नको!

“आले, आले!”

कवाडनाथ महाराज रिक्षातून उतरले. भगवी कफनी, पायात लाकडी खडावा. आधी त्यांनी दाराच्या कडेवर, जिथून कुलपाची जीभ चौकटीत शिरते त्या फटीत, काजळाचं बोट फिरवलं. “दर गुरुवारी जिभेला काजळ! दृष्ट जिभेलाच लागते, बरं का!” मग डोळे मिटून सुरू केलं, “पहिलं कुलूप अतळाचं! दुसरं वितळाचं! तिसरं सुतळाचं! सात पाताळं, सात कुलपं, अन् आठवं नानासाहेबांचं!”

सात पाताळांच्या चाव्या महाराजांच्या मुठीत होत्या. आठवी तेवढी नानासाहेबांच्या करगोट्याला.

“जल!” महाराज गरजले.

चेल्यानं पाण्याचा भरलेला हंडा वर उचलून दारावर ओतला. पाठोपाठ दुसरा. ज्या वस्तीत दोन दिवसांनी एक हंडा मिळत होता, तिथं पाणी दारावरून ओघळून धुळीत चाललं होतं. सगळ्या माना वर झाल्या. तहानलेली माणसं पाण्याकडेच बघणार.

सर तेवढे सवयीप्रमाणे खाली बघत होते.

म्हणून त्यांना महाराजांचा उजवा पाय दिसला. खडावेचं टोक दाराखालच्या बोटभर फटीत शिरलं. टाच दाबली गेली. दार केसभर वर उचललं गेलं.

“फिरव!”

नानासाहेबांनी चावी फिरवली. खट्‌! दार उघडलं, घामानं निथळलेल्या बायका धडपडत बाहेर आल्या आणि जयजयकार झाला. महाराजांनी रस्त्यापलीकडे बोट रोखलं. “देवानं आज सोडवलं. उद्या नाही सोडवणार. ही पांढऱ्या पायाची बाई उंबऱ्यात नको.”

“ऐकलंस ना, साळूबाई?” नानासाहेब म्हणाले. “उद्यापासनं येऊ नको.”

साळूबाई उठली, पदर खोचला. “मह्या पायानं काय केलं वो मालक? चैतात मी आले, चैतात ऊनबी आलं. उन्हाला काढा की कामावरनं!”

कोणीतरी हसलं. सर दोन पावलं पुढं आले. आपण चुकलो तर? पण पाय तर डोळ्यांनी बघितला होता. त्यांनी महाराजांच्या खडावांकडे बघतच तोंड उघडलं.

“दार... दार परत लावा.”

“कोण हे?”

“हमारे सर हैं,” उजमा पुढं आली. “लावा नानासाहेब. आत आता कोणी नाही. बघू तर द्या.”

नानासाहेबांनी जोर लावून चावी फिरवली. कुलूप लागलं. मग उघडायला उलटी फिरवून पाहिली. हलेना.

“आता महाराजांनी उघडावं,” सर म्हणाले. “फक्त खडावा काढून.”

गर्दीच्या नजरा खाली वळल्या, खडावांकडे.

“मूर्खा! साधू अनवाणी मंत्र म्हणत नाही!”

“मंत्र तोंडात असतो ना, महाराज? की पायात?”

आता हसणारा एकटा नव्हता. “काढा की महाराज!” “आमी बी देवळात चपला काढूनच जातो!” महाराजांचा इलाज चालेना. खडावा काढून त्यांनी सातही पाताळं दोनदा म्हटली, घाम फुटेस्तोवर. चावी जागची हलली नाही.

“पाणी नाही ओतलं म्हणून!” चेला ओरडला.

“पाण्याच्या थेंबाला हात लावायचा नाही,” सर म्हणाले. मग वळले. “साळूबाई, इकडं या. त्या खडावा घाला.”

“मी? अन् त्याच्या खडावा?”

“तुमच्याच पायावर आळ आहे ना? मग तुमच्याच पायानं उघडा.”

साळूबाईनं खडावेत पाय घातला. एक म्हातारी “अगं, पाप लागंल!” म्हणेपर्यंत सरांनी दाखवलं तसं टोक फटीत सरकवलं होतं आणि टाच दाबली होती. मंत्र येत नव्हता, म्हणून तिनं मेंढरांवर धावणाऱ्या कुत्र्याला देतात तशी एक इरसाल शिवी हासडली. “फिरवा मालक!”

खट्‌.

दार उघडलं. महाराज रिक्षाकडे निघाले होते, अनवाणी, तापल्या रस्त्यावर पाय उचलत.

“थांबा, त्यांनीच एक मदत केलीय,” सर म्हणाले. चौकटीतल्या ज्या खाचेत कुलपाची जीभ शिरते, तिच्या खालच्या काठावर काजळाचा जाड पट्टा उमटला होता. वरचा काठ कोरा. “बघा. जीभ खाली घासतेय. म्हणजे दार खाली बसलंय.” त्यांनी वरची बिजागरी हलवली. तीन स्क्रूंपैकी दोन सैल होते. “दार अर्धा सूत, म्हणजे दीड मिलिमीटर, ओघळलंय. सकाळी गार असतं, कसंबसं चालतं. दुपारी पत्रा तापून फुगतो, जीभ खाचेच्या काठावर दाबून बसते, चावी फिरत नाही. दार जरा उचललं की जीभ मोकळी. एवढंच. दुसरं काही नाही.”

त्यांनी बिजागरीला लांब स्क्रू लावले, खाच कानशीनं घासली. तासाभरात काम संपलं. मग साळूबाईनं एका बोटानं दहा वेळा कुलूप लावलं आणि उघडलं. पाचव्या वेळेपासून लोक मोठ्यानं मोजू लागले.

“बरं, राहू दे तिला,” नानासाहेब पुटपुटले.

“राहू दे म्हंजे? मी गेलेच कवा?” साळूबाई म्हणाली. “अन् आता कोंडू नका आमाला. टँकर आला तर पाणी भरू अन् येऊ. आमाला काय घरदार नाय?”

तीस बायकांपैकी एकही मशीनकडे वळली नाही. नानासाहेबांनी कमरेची चावी काढून उजमाच्या हातात दिली.

निघताना उजमा म्हणाली, “सर, पत्राचं उत्तर?”

“आलो की गं मी.”

“तुम्ही जाल घरी. उद्या दुसरा कोणी कफनी घालून येईल. लिहून पाठवा. भिंतीवर लावते.”

त्या संध्याकाळी दहावा कागद फाटला नाही.

‘चि. उजमा, उत्तराला उशीर केला. त्या उशिरात शीला घुसमटून पडली, हे मी विसरणार नाही. दार अडलं तर आधी बिजागरीचे स्क्रू बघावेत. मग जीभ खाचेत कुठं घासते ते काजळ लावून बघावं. मग चावी झिजली का ते बघावं. यातलं काहीच सापडलं नाही तर कारागीर बोलवावा. तरी कळलं नाही तर कळलं नाही म्हणावं, त्यात लाज नाही. पण बाईचा पाय कधीच बघू नये. चमत्कार दाखवणारा वर बघायला सांगेल, तेव्हा खाली बघावं. आणि माणसं आत असताना बाहेरून कुलूप लावणं, हा कुलपाचा बिघाड नव्हे, माणसाचा आहे. तो कानशीनं जात नाही. त्याला तुम्ही आज केलंत तेच करावं लागतं. – रामहरी’

स्टेशनाजवळच्या लाल पेटीपाशी सरांचा हात क्षणभर अडखळला. सगळं बरोबर लिहिलंय ना? मग त्यांनी पाकीट सोडलं. आत ते पडल्याचा आवाज आला. समोरून साळूबाई डोक्यावर भरलेला हंडा घेऊन चालली होती. सरांनी मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे बघून रामराम घातला.